रफूगाराशेजारची जागा

१६ बहमन

फिरोजे, माझी लेक, तेहरानला शाळेत शिकवते. ही वही तिने पाठवली. फोनवर म्हणाली, बाबा, राग आला की आईवर काढू नका, यात लिहून काढा, डॉक्टरांनी सांगितलंय ना रक्तदाबाचं. मी म्हटलं, मला राग येतच नाही. तिकडे ती आणि इकडे स्वयंपाकघरात तिची आई, दोघी एकदमच हसल्या. म्हणून लिहायला बसलोय.

मी सफरअली. हमदानात गालिचे धुतो. हाजी फर्रुखच्या धुलाईखान्यात मोठा उस्ताद आहे. नवरोज, आमचं नवं वर्ष, तोंडावर आला की गावातलं घर न घर झाडून निघतं आणि घरातला प्रत्येक गालिचा गुंडाळून आमच्या दारात येऊन पडतो. बहमन आणि इस्फंद, वर्षाचे हे शेवटचे दोन महिने, आम्हाला मरायलाही फुरसत नसते. गालिचा उलगडला की मला घर दिसतं. मधोमध विटला असेल तर घरात पोरंटोरं आहेत. एकच कोपरा झिजला असेल तर तिथे एखादा म्हातारा बसतो, आणि त्याच्याजवळ कोणी फिरकत नाही. जिरं आणि तूप कुठे सांडलंय यावरून घरात कोणाची सत्ता आहे तेही कळतं. पण धुणाऱ्याने तोंड मिटून धुवावं.

आमच्याकडे एक रीत आहे. गालिचा पाण्यात जाण्याआधी मी ओला पांढरा फडका त्याच्या प्रत्येक रंगावर घासतो. फडका कोरा राहिला की ओरडतो, "पक्का!" मगच पाणी सुटतं. एकदा मी पक्का म्हटलं की कोणी पुन्हा विचारायचं नाही, मालकानेसुद्धा नाही. गेल्या वीस वर्षांत विचारलेलं नाही.

राग कशाचा ते राहिलंच. हाजीने मोसमापुरता तब्रीजहून एक रफूगार आणलाय. बहलूल. माझ्याच वयाचा, विधुर, आणि डोक्यावरचे केस सगळे शाबूत.

२० बहमन

आज डबा घरी विसरलो, तर माझी बायको तूरान तो घेऊन धुलाईखान्यात आली. लग्न होऊन अडतीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत ती कधी उंबऱ्याच्या आत आली नव्हती. वास सोसत नाही म्हणायची. आज आली ती डबा माझ्या हातात देऊन सरळ गरम खोलीत गेली, जिथे धुतलेले गालिचे वाळत टांगलेले असतात. बराच वेळ एका गालिच्यासमोर उभी. मग बहलूल तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. दोघं हळू आवाजात बोलत होती. मी पोचलो तर गप्प.

काय चाललंय विचारलं. बहलूल म्हणाला, लोकरीचे भाव वाढलेत. तूरान म्हणाली, हो, फार वाढलेत. तिने शेवटची लोकर कधी विकत घेतली असेल देव जाणे.

हाजीने यंदा कसले दिवे लावलेत कोण जाणे, सगळं पिवळट दिसतं. बोललो त्याला. तो "बदलतो, उस्ताद" म्हणाला आणि नजर चुकवली. चिकटपणा करायचा आणि वर नजर चुकवायची.

२५ बहमन

आता ती रोज येते. घरी करमत नाही म्हणे. अडतीस वर्षं करमलं. बहलूलच्या शेजारी तिने स्वतःची गादी टाकलीय. म्हणते, लोकर निवडायला मदत करते, मला कामाशिवाय बसवत नाही. आज दुपारी आबगोश्त, मटणाचा रस्सा, होतं, आणि त्यातलं नळीचं हाडूक, जे या घरात माझ्याशिवाय कोणाच्या पानात पडलेलं नाही, ते तिने त्याला वाढलं. पाहुणा आहे म्हणाली. तो तिला "बहीण" म्हणतो. बहीण म्हटलं की सगळे दरवाजे उघडे, हे मलाही कळतं.

गालिचे आणणाऱ्या गाडीवरचा कुर्बान माझ्याकडे बघून म्हणाला, "उस्ताद, तुमच्या नाकातून वाफ येतेय. गरम खोलीत आग नको आता." मी त्याला त्याचं काम बघायला सांगितलं.

स्पष्ट लिहितो, मी जळतोय. एकसष्टाव्या वर्षी, दुसऱ्या एका म्हाताऱ्यावर. लाज वाटते, पण जळणं थांबत नाही.

२९ बहमन

औषधवाल्याकडून मिशांचा कलप आणला. छान काळ्याभोर झाल्या. आरशात दहा वर्षं कमी दिसलो.

कुर्बानने विचारलं, "मिशा जांभळ्या का केल्यात, उस्ताद?"

त्याला वाटतं मला चिडवून गंमत येते. बाकीचेही तोंड फिरवून हसले. त्यांना माझ्या मिशांचं पोटात दुखतंय, दुसरं काय. तूरानने मात्र बघितलं आणि हसली नाही. रात्रीच्या जेवणानंतर गरम पाणी आणून ठेवलं आणि म्हणाली, "धुऊन टाका. मला पांढऱ्याच आवडतात." पांढऱ्या आवडतात तर काळ्या केसांच्या शेजारी का बसते? विचारलं नाही. धुतल्या.

४ इस्फंद

तिच्या बोटांची टोकं कापलीत. बारीक बारीक चिरा. मी हात धरून बघायला गेलो तर चादोरखाली ओढून घेतले. भांड्यांनी झालं म्हणाली. मी काय कालचा आहे? तिच्या घागऱ्याला लोकरीचे तुकडे चिकटलेले होते.

आणि ती गुणगुणते. भाकरी गरम करताना, अंथरूण घालताना. बहलूलने आज काहीतरी सांगितलं आणि ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. माझ्या विनोदावर ती कधी अशी हसली नाही. खरं तर मी कधी विनोद केलाच नाही. मी दमून घरी यायचो, जेवायचो, झोपायचो. ते काय हसण्यासारखं आहे?

हाजीलाही तो प्यारा झालाय. पूर्वी गालिचा वाळला की हाजी मला बोलावून दाखवायचा. आता आधी त्या दोघांना दाखवतो. ती दोघं कोपऱ्याशी वाकतात, बोटांनी काहीतरी दाखवतात, माना हलवतात. मग तो गालिचा मागच्या खोलीत जातो. मी विचारलं की हाजी म्हणतो, किरकोळ रफू आहे, तुम्ही कशाला त्रास घेता, तुमची सावली आमच्यावर राहो. एवढी साखर पेरली की समजावं, माणसाला दाराबाहेर ठेवलंय.

८ इस्फंद

आज सर्वांसमोर माझा अपमान झाला आणि आज मी जिंकलो. दोन्ही लिहितो.

सिमीन खानुमचा गालिचा आला. मधली जमीन पांढरी, भोवती लाल रुंद किनार, तिच्या आईच्या हातचा, काशानी. नवरोजनंतर तिच्या मुलीचा निकाह त्याच गालिच्यावर बसून व्हायचाय. बाई स्वतः आली होती, हात जोडल्यासारखं करून सांगून गेली, उस्ताद, माझ्याकडे आईचं एवढंच उरलंय. मी म्हटलं, माझ्या डोळ्यांवर. आमच्याकडे असंच म्हणतात.

फडका भिजवला, लाल किनारीवर घासला. उजेडात धरला. कोरा.

तेवढ्यात बहलूल उठून आला. "उस्ताद, जरा मला बघू द्या फडका. हा लाल मला विश्वासाचा वाटत नाही."

वीस वर्षांत कोणी मागितला नव्हता. सगळे हात थांबले. मी म्हटलं, तुम्ही सुई सांभाळा, पाणी माझं आहे. आणि मग गादीवरून तूरानचा आवाज आला.

"अहो, थांबा ना. बघू दे त्यांना."

माझी बायको. माझ्या माणसांसमोर. त्याच्या बाजूने. तळपायाची आग मस्तकात गेली. फडका बादलीत फेकला, "पक्का!" म्हणून ओरडलो, आणि कुर्बानच्या हातातून नळी घेऊन पाणी मीच सोडलं. फळीने दाबत दाबत, अगदी मनापासून, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

बहलूल धावत जाऊन दुसऱ्या नळीने गार पाण्याचा लोट मारत सुटला, उगाच, आपलं काहीतरी करून दाखवायचं म्हणून. तूरान ओल्या फरशीवर खाली बसली. हाजी बाहेर आला, गालिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत गेला. मला खुणेनेसुद्धा कोणी काही म्हटलं नाही.

तिची चांगली जिरली. आता दोघांना कळलं असेल इथला उस्ताद कोण आहे.

११ इस्फंद

जिंकल्याचं सुख दोन दिवससुद्धा टिकलं नाही. सिमीन खानुमचा गालिचा वाळत टाकलेला दिसत नाही. विचारलं तर कुर्बान म्हणतो, मागच्या खोलीत आहे, उस्ताद, किनारीचं थोडं काम आहे. आणि त्या खोलीच्या दाराला आता पडदा लागलाय. आत कोण? ती दोघं. सकाळी जातात, दुपारचं जेवण आत जातं, संध्याकाळच्या अजानला बाहेर येतात.

नवं काम कमी येतंय माझ्याकडे. जुने, धुऊन धुऊन निवलेले गालिचे तेवढे येतात, ज्यांचा रंग आजोबांच्या काळातच सुटून संपलाय. असे तर कोणीही धुवेल.

घरी मी बोलून मोकळा झालो. म्हटलं, त्या तब्रीजीला घरीच आण ना राहायला, जागा आहे. तिने चमचा खाली ठेवला.

"कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं," ती म्हणाली. मग माझ्याकडे अशी काही बघत राहिली की जणू तिच्याच तोंडून भलतं निघालं होतं. उठून आत गेली. रडल्याचा आवाज आला. चोराच्या मनात चांदणं, असं मी मनाशी म्हटलं आणि गार भात संपवला.

१५ इस्फंद

लिहिलं नाही तर झोप येणार नाही.

दुपारी मी पडदा ओढून काढलाच. आत जाऊन काय बघणार हे इतक्या वेळा मनात रंगवलं होतं की खरं दिसलं ते कळायला वेळ लागला. सिमीन खानुमचा गालिचा जमिनीवर होता. तूरान त्याच्या किनारीशी, पाय मुडपून, मान खाली. तिची बोटं चालली होती. जुनी गाठ चिमट्याने काढायची, नवीन पांढरी लोकर ताण्याच्या उभ्या धाग्यात घालायची, ओढायची, कापायची. बहलूल दूर भिंतीशी लोकरीच्या लडी घेऊन बसला होता. मला बघून तो उठला आणि बाहेर जायला लागला. तूरानने मान वर न करता म्हटलं, थांबा, त्यांना आता सांगायलाच हवं.

मी विचारलं काय सांगायचंय.

"लाल सुटला त्या दिवशी. किनारीला लागून सगळी जमीन गुलाबी झाली. पुष्कळसं बहलूल आगांनी धुऊन धुऊन काढलं. जे निघालं नाही तेवढ्या गाठी मी बदलतेय."

मी गालिच्याकडे बघितलं. खोटं कशाला लिहू, मला तो पांढराच दिसत होता. सगळा. जिथे ती बोट ठेवत होती तिथेही. वाकलो, गुडघ्यांवर बसलो, नाक टेकवलं. पांढरा, थोडा पिवळट, जसं हल्ली सगळंच असतं.

"हा पहिला नाही," ती म्हणाली. "डबा घेऊन आले त्या दिवशी एक बघितला होता. नंतर आणखी दोन. तुमचे डोळे गेलेत हो. गेल्या वर्षीपासून तुम्ही माझ्या निळ्या शालीला काळी म्हणताय. मला वाटायचं, लक्ष नसतं तुमचं."

"मला का नाही सांगितलं?"

"कोणी सांगायचं? इथे तुम्ही पक्का म्हटल्यावर बोलतं कोण? हाजी म्हणाला, त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघा, मोसम निघू दे. मी म्हटलं, माझी बोटं अजून चालतात."

बहलूल खाली बघत म्हणाला, "उस्ताद, मी त्या दिवशी फडका मागायला नको होता. एकट्यात बोलायला हवं होतं. चूक माझी."

याच्यावर तर मी रागावूही शकलो नाही. मी पडदा उचलून पुन्हा खिळ्याला लावायचा प्रयत्न केला. तो लागेना. शेवटी त्यानेच लावला.

१९ इस्फंद

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. मोतीबिंदू, दोन्हीकडे, पिकलेला. नवरोजच्या सुट्ट्या संपल्या की काढतील. तो म्हणाला, पांढरा रंग बघून चकित व्हाल. मी कसला चकित होतोय. पाच-पन्नास घरांत जाऊन मी पक्का म्हणून दिलेले गालिचे बघितले तरी पुरे.

हाजीकडे गेलो आणि म्हटलं, फडका दुसऱ्या कोणाला द्या. त्याने कानाला हात लावले, तुमच्याशिवाय हे छप्पर टिकेल का वगैरे. मी म्हटलं, हाजी, पुरे आता ती साखर, माझा रक्तदाब वाढतो. मग कुठे तो खरं बोलला. मोसम संपेपर्यंत असं ठरलं, की फडका मी घासायचा, बघायची तूरानने, आणि ओरडायचं मी. कुर्बान म्हणाला, "त्यात नवीन काय, उस्ताद, प्रत्येक घरात असंच चालतं." आज पहिल्यांदा त्याच्या बोलण्यावर हसलो.

सगळ्यांना वाटतंय मी निवळलो. निवळलो नाही. उलट वाढलंय. आधी वाटायचं माझ्यापासून काहीतरी लपवतायत. आता कळलं लपवत होते ते मलाच, माझ्या गेलेल्या डोळ्यांना. माझी सगळ्यात मोठी गोष्ट, आणि माझ्या बायकोने ती आधी सांगितली ती दुसऱ्या पुरुषाला. ते दोघं माझ्याबद्दल काय बोलत असतील? माझी कीव करत असतील? कीव केली असेल तर त्यापेक्षा तो प्रेमाचा संशयच मला परत हवा, तो बरा होता.

२६ इस्फंद

बहलूल आज तब्रीजला परत गेला. मी कोमाजचा, आमच्याकडच्या गोड भाकरीचा, डबा दिला, गालाला गाल लावले. सज्जन माणूस आहे, हे लिहायला मला फार त्रास होतोय.

सिमीन खानुमचा गालिचाही आजच जाणार होता. गुंडाळण्याआधी मी तो उलटा केला. माझ्या डोळ्यांना रंग कळत नसतील, पण गाठीचा आकार अजून कळतो, आणि बोटांना तर डोळ्यांपेक्षा जास्त. तब्रीजकडचे लोक धागा दोन्ही ताण्यांना गुंडाळतात, आकड्याने. मागून दोन सारखे दाणे लागतात. काशानच्या बायका, तूरान त्यांच्यातलीच, बोटांनी एकाच ताण्याला गुंडाळतात. मागून एक दाणा मोठा, एक दबलेला. किनारीच्या कडेने हात फिरवत गेलो. नव्या गाठी जरा घट्ट असतात, कळतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या काशानी. त्याची एकही नाही.

अडतीस वर्षं माझ्या घरात ही बोटं होती आणि मी त्यांना भांडी दिली. लग्न झालं तेव्हा तिच्या बापाने माग देऊ केला होता. मी म्हटलं होतं, दिवसभर लोकरीत असतो, घरी पुन्हा लोकर नको. ती काही बोलली नव्हती. मीही नंतर कधी विचारलं नाही.

सिमीन खानुमने गालिचा बघितला, हात फिरवला, आईचं नाव घेतलं. मी तिला खरं सांगितलं, रंग सुटला होता, माझ्या चुकीने, आणि माझ्या बायकोने दुरुस्त केलाय. बाई आधी पांढरी पडली. मग तूरानला जवळ ओढून तिने विचारलं, कुठे? तूरानने दाखवलं नाही. म्हणाली, तुम्ही शोधा. सापडलं नाही.

घरी आल्यावर मी विचारलं. दिवसभर तेच डोक्यात होतं.

"त्या गालिच्यात त्याची एकही गाठ नाही."

"नाही. आमची गाठ त्याला जमत नाही. काशानी म्हटल्यावर त्याने पहिल्याच दिवशी हात टेकले होते."

"मग पडद्याआड इतके दिवस तो काय करत होता?"

तूरानने जरा विचार केला. "लोकर निवडून द्यायचा. चहा करायचा. आणि ऐकायचा."

"काय ऐकायचा?"

"मी बोलायचे ते. हात चालू लागले की तोंडही चालतं, आम्ही मागावर असंच करायचो. काशानचं सांगायचे. आईचं, मागाचं, धाकटीचं. इथे आले तो पहिला हिवाळा, इथली बोली कळायची नाही ते."

धाकटी एक होती आणि ती गेली, एवढंच मला ठाऊक होतं. या सबंध महिन्याचा माझा जळफळाट फुकट गेला होता. जळायचं खरं कारण आज सापडलं, आणि ते माझ्याच घरातलं होतं.

उठलो आणि चहा ठेवला. तिने विचारलं, तुम्हाला कुठे येतो करायला? आला नाहीच, कडू झाला. ती तो पीत राहिली. मी म्हटलं, सांग, पहिल्यापासून. ती म्हणाली, एवढं सगळं? उद्या कामाला जायचंय. मी म्हटलं, सांग.

मध्ये दोनदा मला काहीतरी म्हणावंसं वाटलं. गिळलं आणि ऐकत राहिलो.

धाकटीचं नाव गुलंदाम होतं. ती मागाच्या खाली, गळणाऱ्या लोकरीत झोपायची. सातव्या वर्षी गोवराने गेली, आणि त्या दिवशीही तूरानच्या आईने मागावरून उठून पुन्हा मागावरच बसायचं ठरवलं, कारण दुसरं काय करावं ते तिला कळेना. हे बहलूलला माझ्याआधी ठाऊक होतं.